अर्धा मांडव

द्वारका गेल्याचं मला तिच्या मुलीच्या, संगीताच्या, फोनवरून कळलं. सकाळची वेळ होती. मी खारघरला मुलाच्या घरी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. "टीचर, आई गेली," एवढंच ती बोलली. फोन चालूच होता आणि मागून आळीतले आवाज ऐकू येत होते... कुणीतरी खुर्च्या उतरवत होतं, कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. फोन ठेवल्यावर मी उरलेली मेथी निवडून संपवली. सुनेला वाटलं, बातमी सासूबाईंच्या डोक्यात शिरलीच नाही. शिरली होती. पण हातातलं टाकून धावत सुटावं असा आमचा दोघींचा स्वभाव नव्हता, आणि धावून जाऊन तिला उठवता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. 'माजी नगरसेविका द्वारका भोईर यांचे निधन. त्या मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या.' मनमिळाऊ! तिच्याशी मिळवून घेताना मला पहिली दोन वर्षं डोकेदुखीच्या गोळ्या पर्समध्ये ठेवाव्या लागल्या होत्या, हे त्या बातमीदाराला कुणी सांगितलं नसावं. तेव्हा पनवेलला नगरपालिका होती, महानगरपालिका नंतर झाली. महिलांसाठी राखीव झालेल्या दोन शेजारच्या वॉर्डांतून आम्ही दोघी निवडून आलो, ती एका पक्षाकडून, मी दुसऱ्या. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त व्हायच्या बेतात असलेली बाई, आणि ती आगरी घरातली, नवऱ्यामागे एकटीने मुलगी वाढवलेली, बाजारात आवाज चढवायची सवय असलेली. पहिल्या दिवसापासून ती मला 'टीचर' म्हणायची आणि अगं-तुगं करायची. मला त्यातलं दुसरं आवडायला वर्ष लागलं.

आमच्या दोन वॉर्डांची हद्द आळीच्या रस्त्याच्या बरोबर मधून जायची. डावीकडची घरं तिची, उजवीकडची माझी. म्हणजे रस्त्याच्या मधोमध एखादी गाय बसली तर तिला कोणी हाकलायचं यावरूनसुद्धा आमच्यात वाद होऊ शकला असता. रस्ता काँक्रीटचा करायचा ठराव आम्ही दोघींनीही आणला, वेगवेगळा, आणि तो मंजूर झाल्यावर आळीच्या एका टोकाला तिच्या प्रयत्नांचा फलक लागला आणि दुसऱ्या टोकाला माझ्या. लोक हसायचे. पण रस्ता झाला चांगला. त्याआधी तिथे डांबराचे थर इतके चढले होते की काही घरांत पायरी उतरून जावं लागायचं. तो सगळा जुना थर उकरून, उतार बघून, गटारं सरळ करून मग काँक्रीट पडलं. ते ओलं होतं तेव्हा आम्ही दोघी आपापल्या बाजूला खुर्ची टाकून कुत्री आणि मुलं हाकलत दिवसभर बसलो होतो. तिने रस्त्यापलीकडून मला चहा पाठवला. आमची मैत्री सुरू झाली ती त्या चहापासून, असं ती सांगायची. मला आठवतं त्याप्रमाणे चहा गार होता.

काँक्रीट नीट वाळलं असेल-नसेल, तोच टोकाच्या घरी हळद निघाली. पनवेल-उरणकडची हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, आमच्याकडे लग्न एका पारड्यात आणि हळद एका पारड्यात घातली तर हळदीचं पारडं खाली जाईल. बेंजो, मटण, गावोगावची भावकी... आणि या सगळ्यांना सावली द्यायची तर मांडव रस्ताभर. मांडवाचे खांब हवेत उभे राहत नाहीत. सकाळी दोन माणसं पहारी घेऊन आली आणि त्यांनी नव्या रस्त्यावर घाव घालायला सुरुवात केली. आवाज ऐकून मी बाहेर आले, द्वारकाही आली. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता ती त्यांच्या हातातली पहारच हिसकावून घेते. पण ती घरमालकासमोर जाऊन फक्त म्हणाली, "लग्नाचं घर हाय म्हनून गप बसलंय. लगीन होऊ दे, मंग ये माज्याकडं." लग्न झालं, मांडव उतरला आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना आणि मधोमध खड्ड्यांच्या रांगा राहिल्या. त्यात लोकांनी वीट-माती भरली.

असे रस्ते गावात बरेच झाले होते, म्हणून थोड्याच दिवसांत प्रशासनाने नव्या उपविधीचा मसुदा ठेवला. रस्त्यावर मांडव घालायचा तर आधी परवानगी, रस्ता खोदायला पूर्ण बंदी, खोदला तर दंड. नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या. हरकती कोण पाठवतं? सूचना फलकावरचा कागद वाऱ्याने फाटेपर्यंत तिथे असतो आणि मग सगळे म्हणतात, आम्हाला विचारलंच नाही. द्वारकाने तो मसुदा आणला, आपल्या ओट्यावर आळीतले लोक जमवले आणि मला म्हणाली, "वाच." मी वाचायला लागले. 'सदर उपविधींतील तरतुदींचे उल्लंघन करणाऱ्या इसमास...' एवढ्यावर तिने मला थांबवलं. "टीचर, ह्याचं मराठी कर." मग मी एकेक वाक्य वाचायचं आणि सोपं करून सांगायचं असं दोन संध्याकाळी चाललं. लोकांनी ऐकून घेतलं आणि शेवटी एकच गोष्ट विचारली. खोदायचं नाही हे बरोबर, पण मग मांडव घालायचा कुठे? आळीत कोणाला अंगण नाही. हॉल घेणं प्रत्येकाला झेपत नाही, आणि झेपलं तरी मुहूर्तमेढ दारात रोवावी लागते, ती हॉलमध्ये रोवून चालत नाही.

सर्वसाधारण सभेत हा विषय आला तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती आणि सभागृह 'मंजूर, मंजूर' म्हणायच्या मनःस्थितीत होतं. द्वारका उभी राहिली. "माजी हरकत हाय. खोदायला बंदी घाला, पयला हात माजा. पन मंग रस्त्यात भोकं तुमीच ठेवा." सगळे हसले. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "ताई, लोक खड्डे बुजवा म्हणून मोर्चे आणतात आणि तुम्ही खड्डे मागताय?" त्यावर ती म्हणाली, "खड्डा येगला, भोक येगलं. भोकाला झाकन असतं." हसणं आणखी वाढलं, पण ती खाली बसली नाही. रस्त्यात ठरावीक अंतरावर लोखंडी पाइप बसवायचे, एरवी वर झाकण, लग्न असेल तेव्हा झाकण काढून खांब त्यात उभा करायचा, मग कोणी पहार कशाला आणेल? अभियंत्यांनी शंका काढल्या. पाणी मुरेल, काँक्रीटला भेगा जातील, झाकणं चोरीला जातील. त्यातली शेवटची शंका खरीच होती, पुढे दोन झाकणं गेलीच.

पुढच्या सभेला तिने मंडपवाले रशीदभाई यांना बाहेर बाकावर आणून बसवलं होतं. मध्यंतरात अभियंत्यांना त्यांच्यापुढे उभं केलं. रशीदभाई म्हणाले, "साहेब, हमारे लडके को भी पहार मारने का शौक नहीं. हाताला फोड येतात. जागा बनवून द्या, आम्ही दुआ देऊ." आमच्या आळीपुरता प्रयोग करून बघायला अभियंते तयार झाले. पण तिच्या बाजूने हात मोजकेच होते आणि माझ्या पक्षाचे हात माझ्याकडे बघत होते. तेव्हा मी माझी अट घातली. मांडव रस्त्याच्या एकाच अर्ध्या भागावर. दुसरा अर्धा कायम मोकळा राहील, गाड्या जातील, आजारी माणूस बाहेर काढता येईल, बायकांना पाणी भरता येईल. हे उपविधीत लिहा, तरच माझा हात वर होईल. द्वारकाने माझ्याकडे वळून बघितलं. "तुला लगीन करायची पोरगी नाय म्हनून बोलतेस," ती हळू आवाजात म्हणाली. मग जरा थांबून मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मान्य हाय." ती अट बरोबर होती असं मी आजही म्हणते. तेव्हा मला एवढंच माहीत नव्हतं की त्या अटीचा पहिला हिशेब कोणाच्या दारात होणार आहे.

उपविधी त्या अटीसह मंजूर झाला आणि रस्त्यात पाइप बसले. एक रांग डाव्या कडेला, एक उजव्या आणि एक मधोमध, म्हणजे कोणत्याही बाजूच्या घराला आपापल्या दारात मांडव घालता यावा. आणि त्यानंतर आळीतलं पहिलं लग्न ठरलं ते संगीताचं. मुहूर्तमेढीच्या सकाळी मी होते. आंब्याचे डहाळे बांधलेली मेढ तयार, रशीदभाईंनी कोपऱ्यातलं झाकण उघडलेलं, बायका जमलेल्या. लग्नात धवले गाणारी आणि सगळे विधी सांगणारी धवलारीण म्हातारी वाकली, पाइपात काठी घालून तिने ठोकून बघितलं आणि सरळ उभी राहिली. "खाली माती नाय," म्हणाली. पाइप पक्का बसावा म्हणून कंत्राटदाराने त्याच्या बुडाशी काँक्रीट ओतलं होतं आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, ना अभियंत्यांच्या, ना माझ्या, ना द्वारकाच्या. मेढ मातीला लागलीच पाहिजे. म्हातारी काही केल्या ऐकेना. शेवटी रशीदभाईंचा माणूस ड्रिल घेऊन आला आणि माती दिसेपर्यंत सगळं वऱ्हाड त्या भोकाभोवती उभं राहिलं. द्वारका मला म्हणाली, "बघ, नियम लिवताना म्हातारीला इचारायला पायजे व्हतं." आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या लग्नात ती तेवढीच हसली.

कारण त्याच दुपारी तिचा मोठा भाऊ, बळीरामदादा, शिरढोणकडून आला. वडील लहानपणीच गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं होतं आणि नवरा गेल्यावर तोच आधाराला उभा राहिला होता. भाचीच्या लग्नात मामा मागे उभा राहतो, आणि हा मामा अख्खा गाव घेऊन येणार होता. त्याने मांडव बघितला. उभारलेला फक्त डावीकडच्या अर्ध्यात, पलीकडे रिकामा रस्ता. "बाकीचा कदी बांधनार?" त्याने विचारलं. ती म्हणाली, एवढाच. आधी त्याला चेष्टा वाटली. मग म्हणाला, "अर्ध्या मांडवात माजी भाची उभी ऱ्हानार नाय. लोकं काय बोलतील, मामाला पुरा मांडव झेपला नाय? पुरा रस्ता घे. दंड मी भरतंय." ती म्हणाली, "दादा, दंड भरून मोडायचा तर नियम केला कशाला? मीच मोडला तर उद्या आळीत कोन पाळंल?" तो म्हणाला, "नियम मोठा का भाऊ मोठा, ते सांग." मी तिथेच ओट्यावर बसले होते. माझ्या मनात आलं की म्हणावं, घाल बाई पूर्ण मांडव, मी डोळेझाक करते. पण तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. भावाकडे बघत ती म्हणाली, "तू मोठाच हायस. पन मांडव अर्धाच ऱ्हईल." तो चहा न घेता निघून गेला.

हळदीच्या संध्याकाळी बेंजो वाजत होता, माणसं मावत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या मोकळ्या अर्ध्या रस्त्यामुळे सगळ्यांना नाचायला जागा मिळाली होती. तळोज्याहून पाळी संपवून येणारी कामगारांची बस आली तेव्हा नाचणारे बाजूला झाले आणि ती कधी नव्हे ती सरळ निघून गेली. द्वारका हातभर हळद माखून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती, आचाऱ्याला ओरडत होती, पाहुण्यांना बसवत होती... आणि आळीच्या तोंडाशी गाडीचा दिवा दिसला की बोलता बोलता थांबत होती. तो आला नाही. लग्नातही संगीताच्या मागे एक चुलतमामा उभा राहिला. पोरीची पाठवणी झाल्यावर द्वारका माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "टीचर, तुजा अर्धा रस्ता लय महाग पडला." सांत्वन म्हणून काहीतरी बोलायचं म्हणजे खोटं बोलायचं, आणि ते तिला लगेच कळलं असतं. मी तिच्या हातावरची वाळलेली हळद नखाने काढत बसले.

त्या लग्नानंतर आळीत जे जे मांडव पडले ते सगळे अर्धेच पडले. कुणी कुरकुर केली की दुसरा कुणी म्हणायचा, तिनं भाऊ सोडला, तुला काय झालं? पण कौतुक एकीकडे आणि मतं एकीकडे. पुढच्या निवडणुकीत ती पडली. तिच्या भावकीतल्याच लोकांनी सांगितलं की बाई घरच्यांची झाली नाही, आपली काय होणार. मीही पडले, पण माझ्या पडण्याला एवढं चांगलं कारण नव्हतं. पुढे महानगरपालिका आली, प्रभाग बदलले, आमची हद्द पुसली गेली आणि आम्ही दोघी एकाच प्रभागातल्या साध्या मतदार झालो. बळीरामदादाने मात्र तोंड बघितलं नाही ते नाहीच. दर भाऊबीजेला ती ओवाळणीचं ताट तयार करायची. जिला भाऊ नाही अशी बाई चंद्राला ओवाळते, म्हणून एकदा शेजारणीने सुचवलं, तर द्वारका तिच्यावर अशी उसळली की ती बिचारी महिनाभर तिच्या दारातून गेली नाही. "भाऊ जिता हाय माजा. चंद्राला कशाला ओवाळू?" ताट तसंच ठेवायची, निरांजन आपोआप विझायचं, मग ती उठून पानं वाढायची. मी त्या दिवशी मुद्दाम जायचे आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे.

मी खारघरला गेल्यावर भेटी कमी झाल्या. शेवटची भेट ती जायच्या थोडे दिवस आधीची. खाटेवर बसली होती, पाय सुजलेले, आवाज मात्र तसाच. "तुज्या टावरमदी लगीन कुठं करतान?" तिने विचारलं. मी सांगितलं, क्लबहाउस आहे, आधी बुकिंग करावं लागतं, दहाला गाणी बंद. "मांडव?" मांडव नसतो, फुगे लावतात. फुगे ऐकून ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. खोकला थांबल्यावर मी विचारलं, बळीदादाला निरोप देऊ का. "नको. निरोप दिला तर येल तो, मी आजारी हाय म्हनून येल," ती म्हणाली. "तसा आलेला नको मना. त्याला पटलं तर येऊ दे." मला तिचा राग आला. या वयात कसलं पटणं आणि न पटणं! मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तू मास्तरीन हायस, तुला मार्क देऊन सुटायची सवय." त्यानंतर आम्ही मासळीच्या भावांबद्दल बोललो.

अंत्ययात्रेच्या दिवशी दादा परस्पर स्मशानात आला आणि परस्पर गेला, असं संगीताने सांगितलं. उत्तरकार्याच्या दिवशी मी लवकर पोचले. आळीतल्या पोरांनी मांडव घातला होता. तिन्ही रांगांची सगळी झाकणं उघडून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पूर्ण रस्ताभर. पांढरं कापड, रांगेने खुर्च्या. मी विचारलं तर त्यांच्यातला मोठा म्हणाला, "टीचर, ताईंसाठी. नियम झाल्यापासून आळीत कोणाला पुरा मांडव पडला नाही. त्यांचा मान मोठा." प्रेमानेच केलं होतं सगळं, त्यांचे डोळे सुजलेले होते. आणि खरं तर मलाही वाटलं, असू दे आजचा दिवस. मी उजवीकडच्या भागात एका खुर्चीवर बसले.

थोड्या वेळाने बळीरामदादा आला. फार म्हातारा झाला होता, काठी हातात. आळीच्या तोंडाशी रिक्षातून उतरला आणि मांडव बघत उभा राहिला. संगीता पुढे झाली, त्याच्या पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर वरच होती. मग पोरांना हाक मारली. "ह्यो कोनी बांधला?" पोरं म्हणाली, "मामा, आम्ही. पुरा बांधला, ताईंसाठी." त्याने मान हलवली. "एक बाजू सोडा," म्हणाला. पोरांना कळेना. मग त्याचा आवाज चढला आणि तो आवाज ऐकून मला क्षणभर द्वारकाच बोलते आहे असं वाटलं. "पोरीच्या लग्नात तिनं माजं आयकलं नाय. आता ती मेली म्हनून तुमी तिला माजं आयकायला लावताव काय रे?"

त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि उजवीकडच्या खांबाची दोरी स्वतःच सोडायला लागला. गाठ सुटेना, तेव्हा पोरं धावली. ती गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं, सगळ्यांसमोर, आवरता येईना असं. दादा माझ्याजवळ आला. "टीचर, उठा," म्हणाला, "ही बाजू मोकळी करायची हाय." मी डोळे पुसले, माझी खुर्ची उचलली आणि पलीकडे नेऊन ठेवली.